दहा तासांचा कायदा आणि साडेदहा तासांचा दिवस : पार्श्वभूमी

इंग्लंडमधील कापडगिरण्यांत मुलांच्या कामाचे तास ठरवणारे कायदे १८०२ आणि १८१९ मध्येच झाले होते. पण अंमलबजावणी तपासणारी पगारी यंत्रणा नसल्याने ते बहुतांशी कागदावर राहिले. १८३३ च्या कायद्याने चार निरीक्षक नेमले आणि अठरा वर्षांखालील मुलांचे रात्रीचे काम बंद केले. १८४४ मध्ये बारा तासांची मर्यादा प्रौढ स्त्रियांनाही लागू झाली. त्याच कायद्याने मुलांना कामावर घेण्याचे किमान वय मात्र नऊवरून आठवर आणले, ही बाब सुधारणांच्या कौतुकात सहसा मागे पडते.

प्रौढ पुरुष आपला करार स्वतः करण्यास समर्थ आहे, या भूमिकेमुळे त्याचे तास कायद्याबाहेरच राहिले. दहा तासांचा दिवस मागणाऱ्या चळवळीचा हिशेब असा होता की, तुटलेले धागे सांधणारी मुले आणि मागावरच्या स्त्रिया घरी गेल्यावर केवळ पुरुषांच्या बळावर गिरणी चालणार नाही. १८४७ मध्ये स्त्रिया आणि तरुण कामगारांसाठी दहा तासांची मर्यादा संमत झाली. आदल्या वर्षी धान्यावरील संरक्षक जकात हटवण्याचा निर्णय झाल्याने दुखावलेल्या जमीनदार गटातून तिला मिळालेला पाठिंबा निव्वळ करुणेपोटी होता, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

खरा वाद पुढे पेटला. पहाटे साडेपाच ते रात्री साडेआठ या पंधरा तासांत ते दहा तास सलग असावेत की तुकड्यातुकड्यांनी, हे कायद्यात निःसंदिग्धपणे लिहिलेले नव्हते. काही मालकांनी कामगारांचे गट पाडून त्यांना आळीपाळीने आत-बाहेर करण्यास सुरुवात केली. त्यामुळे कामाचे तास दहाच भरत, पण दिवस पंधरा तासांचा होई, आणि कोणी किती वेळ राबले हे निरीक्षकाला पडताळता येईना. फेब्रुवारी १८५० मध्ये न्यायालयाने, दंड ठोठावणाऱ्या कायद्याचा अर्थ काटेकोरपणेच लावला पाहिजे, या तत्त्वावर ही पद्धत वैध ठरवली. त्याच वर्षी संसदेत तडजोड झाली: सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, मध्ये दीड तास जेवणखाणासाठी, शनिवारी दुपारी दोनला सुट्टी. आळीपाळीची पळवाट बुजली, पण दिवस साडेदहा तासांचा आणि आठवडा ५८ ऐवजी ६० तासांचा झाला. मिळालेला हक्क विकला, असे चळवळीतील एका गटाने म्हटले, आणि तो आरोप सर्वस्वी अनाठायी नव्हता. लहान मुले तर या वेळापत्रकातून वगळलीच गेली. ती उणीव भरून निघण्यास १८५३ उजाडले.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढे येथील गिरण्यांची स्पर्धा जाणवू लागताच, मायदेशी तासांच्या बंधनांना विरोध केलेल्या, इंग्लंडमधील कापडउद्योगाचे केंद्र असलेल्या लँकेशायरच्या मालकवर्गातूनच हिंदुस्थानात असा कायदा करण्याचा आग्रह सुरू झाला. १८८१ च्या कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा आणि साप्ताहिक सुट्टी मिळण्यास १८९१ पर्यंत थांबावे लागले. कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामावर बारा तासांची थेट मर्यादा येथे १९११ मध्ये आली. इंग्लंडच्या एकोणिसाव्या शतकातील गिरणी-कायद्यांनी ती कधीच घातली नव्हती.