गुलाबांची युद्धं यॉर्कशायर विरुद्ध लँकेशायर नव्हती

पंधराव्या शतकात इंग्लंडमध्ये झालेली ‘गुलाबांची युद्धं’ म्हणजे यॉर्कशायर आणि लँकेशायर या दोन शेजारी परगण्यांची मारामारी, असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. नावं पाहता तसं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात ती एकाच राजघराण्याच्या यॉर्क आणि लँकेस्टर या दोन शाखांमधली गादीसाठीची भाऊबंदकी होती.

यॉर्कची ड्यूकपदवी दुसऱ्या रिचर्ड राजाने १३८५ मध्ये आपल्या काकाला, एडमंड ऑफ लँगलीला दिली. यॉर्कशायरमध्ये या घराण्याचे सँडलसारखे किल्ले होते, नाही असं नाही. पण मुख्य ठाणी नॉर्थॅम्प्टनशायरमधलं फॉदरिंगे आणि वेल्सच्या सीमेवरचं लडलो. उलट यॉर्कशायरचे कित्येक बडे सरदार लँकेस्टरकडून लढले. डिसेंबर १४६० मध्ये यॉर्कचा तिसरा ड्यूक रिचर्ड वेकफिल्डच्या लढाईत मारला गेला, तेव्हा त्याचं मुंडकं टांगलं कुठे? खुद्द यॉर्क शहराच्या मिकलगेट वेशीवर!

पडताळायचं असेल तर नकाशा उघडा आणि या ड्यूकांच्या कबरी शोधा. पहिल्याची हर्टफर्डशायरमधल्या किंग्ज लँगलीला, दुसऱ्याची आणि तिसऱ्याची फॉदरिंगेच्या चर्चमध्ये. दोन्ही गावं यॉर्कच्या बरीच दक्षिणेला आहेत.