वीस लिटर हवा

घरी स्पीकर बांधायच्या किटचा खोका उघडल्यावर साडेसहा इंची वूफर, म्हणजे खालच्या स्वरांचा स्पीकर, मी तसाच हातात धरला, ॲम्प्लिफायरच्या दोन तारा जोडल्या आणि अगदी लहान आवाजात तबला लावला. चाट ऐकू येत होती, डग्गा जवळजवळ नव्हताच. मग घरात पडलेला केळीचा पुठ्ठ्याचा खोका फाडून सपाट केला, त्यात वूफरएवढं भोक पाडलं आणि वूफर मागून दाबून धरला. डग्ग्यात घुमारा भरला. तारा त्याच, वूफर तोच, आवाजाची पातळीही तीच. मध्ये फक्त एक पुठ्ठा आला होता.

वूफरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. मोकळ्या वूफरमध्ये पुढची दाबलेली हवा कडेने वळून मागची पोकळी भरून काढते आणि आवाज आपल्यापर्यंत येण्याआधीच मिटतो. हे खालच्या स्वरांनाच का घडतं? कारण त्यांच्या लाटा फार लांब असतात. सेकंदाला ४० कंपनांच्या स्वराची एक लाट सुमारे साडेआठ मीटर भरते, त्यामुळे वळसा घालायला तिला सवड असते. ३,००० कंपनांची लाट जेमतेम ११ सेंटिमीटरची असते. ती वळण्याऐवजी सरळ पुढे निघून जाते.

चुंबकाच्या फटीत हलणारी कॉइल आणि तिला चिकटवलेला कागदी पडदा, ही रचना अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या इंजिनिअरांनी १९२५ साली मांडली. आजच्या वूफरचा गाभा तोच आहे. म्हणून मला वाटतं, घरी स्पीकर बांधणाऱ्याने आपली मेहनत वूफरपेक्षा त्याच्या मागच्या हवेवर खर्च करावी. वूफर, वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर म्हणजे ट्विटर, कॉइल, कंडेन्सर आणि नकाशा हे सगळं किटमध्ये येतं. हवा मात्र आपल्यालाच मोजून पेटीत कोंडावी लागते.

माझ्या नकाशात ती वीस लिटर होती: २० × २५ × ४० सेंटिमीटर. गल्लीतल्या सुतारआप्पांना मी कागद दिला आणि चार दिवसांनी दोन देखण्या पेट्या घरी आल्या. आवाज कोता होता. टेप लावून पाहिलं तेव्हा कळलं की २०, २५ आणि ४० ही बाहेरची मापं झाली होती. प्लाय १८ मिलिमीटरचा, म्हणजे प्रत्येक मापातून ३.६ सेंटिमीटर गेले आणि आत उरली पावणेतेरा लिटर हवा. वीसची पावणेतेरा! आप्पा शांतपणे म्हणाले, "भाऊ, कपाट कोन्ही आतून मोजस का?" त्यांचं बरोबर होतं, कागदावर ‘आतून’ हा शब्द मी लिहिलाच नव्हता. पेट्या पुन्हा केल्या. या वेळी वूफर आणि पेटीला बसवायची नळी जेवढी जागा अडवतात ती धरून सव्वा लिटर जास्त ठेवली.

पुन्हा जोडताना मे महिना लागला होता. त्या उन्हात फेविकॉलवर साय धरायची आणि सांधा दाबायच्या आतच फेविकॉल वाळून जायचा. म्हणून पहाटे पाचला चिकटवायला बसलो. पेटी बंद झाल्यावर नळीच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबला आणि वूफरचा पडदा बोटांनी हलकेच आत दाबून सोडला. पेटी हवाबंद असेल तर तो रेंगाळत परत येतो. एका पेटीचा झटकन आला. तारा बाहेर काढायच्या भोकाशी केसाएवढी फट होती. तिथे भुसा आणि फेविकॉलचा लगदा भरला.

नळीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण मला यातलं सर्वांत सुंदर विज्ञान तिथेच दिसतं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एकाच ठरावीक स्वरात घुमते. मानेतली हवा वजनासारखी वागते आणि पोटातली हवा स्प्रिंगसारखी, म्हणून दोघी मिळून डोलतात. जर्मन शास्त्रज्ञ हर्मन हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात याचा अभ्यास केला. स्पीकरच्या पेटीला नळी बसवली की तीही अशीच बाटली होते. खालच्या स्वराला वूफर थकतो तिथे नळीतली हवा डोलू लागते आणि पेटीच्या आत वाया जाणारा मागचा आवाज कामाला येतो.

नळीसाठी मला लांब जावं लागलं नाही. जळगाव जिल्ह्यात शेतीच्या दुकानात पीव्हीसी पाइप मिळणार नाही असं होत नाही. ६३ मिलिमीटरचा पाइप घेतला, त्याचा आतला व्यास सुमारे ५९ मिलिमीटर. वीस लिटरच्या पेटीला त्याचा १६ सेंटिमीटरचा तुकडा बसवला की ती ४५ कंपनांना घुमते. हाच तुकडा त्या पावणेतेरा लिटरच्या पेटीत ५६ च्या आसपास घुमत होता. डग्ग्याचं पोट तिथेच हरवलं होतं.

पूर्वी हे सारं अंदाजाने चालायचं. ऑस्ट्रेलियातले नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि पुढे १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते गणितात बसवलं. वूफरच्या कागदावर मोजक्या आकड्यांत त्याचा सगळा स्वभाव येतो. त्यातला एक तर लिटरमध्ये असतो: पडद्याला धरून ठेवणाऱ्या कडांची लवचीकता किती लिटर हवेइतकी आहे ते तो सांगतो. रबर आणि कापडाची लवचीकता हवेच्या मापात मोजायची, ही कल्पना मला फार आवडते.

उन्हाचाही यात वाटा असतो. हवा तापली की आवाज जोरात धावतो: २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, तर ४२ अंशांना साधारण ३५६. म्हणजे पेटीचा स्वर उन्हाळ्यात पावणेदोन कंपनांनी वर चढतो. कानाला ते कळत नाही, पण गणितात दिसतं.

पेटीच्या आतून भिंतींना कापूस लावला, तोही इथलाच, पिंजून आणलेला. मधले स्वर आत आपटून पातळ पडद्यातून परत बाहेर येतात, त्यांना तो जिरवतो. कापूस हळूहळू खाली बसतो, म्हणून मलमलीत घालून गादीसारखे टाके मारले आणि नळीचं तोंड मोकळं ठेवलं. बंद पेटीत कापूस आणखी एक काम करतो. हवा दाबली की तापते, ती ऊब तंतू शोषून घेतात, हवा मऊ पडते आणि पेटी आहे त्यापेक्षा मोठी असल्यासारखी वागते.

क्रॉसओव्हरचं, म्हणजे वूफर आणि ट्विटरमध्ये स्वर वाटून देणाऱ्या जोडणीचं, तत्त्व सोपं आहे. कंडेन्सर खालचे स्वर अडवतो, कॉइल वरचे. आठ ओहमच्या ट्विटरला ६.६ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ३,००० कंपनांपाशी कुंपण घालतो. प्रत्यक्षात ट्विटर सगळ्या स्वरांना आठच ओहम दाखवत नाही, म्हणून किटमध्ये भाग जास्त असतात. ते नकाशाप्रमाणेच लावावेत. दोन कॉइल एकमेकींपासून लांब आणि काटकोनात ठेवाव्यात. पेन्सिल सेल वूफरला क्षणभर टेकवला आणि पडदा पुढे आला, तर सेलच्या अधिक टोकाची बाजू तीच वूफरची अधिक बाजू. एका पेटीत ही उलटली की दोन्ही पेट्यांचा डग्गा एकमेकांना खाऊन टाकतो.

पेट्या तयार झाल्यावर आमची खोली बोलू लागली. ती बारा फूट लांब आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ४७ कंपनांची अर्धी लाट नेमकी मावते, म्हणून तो स्वर भिंतीपाशी फुगतो आणि खोलीच्या मधोमध ओसरतो. गोधडी टांगून पाहिली. तिने वरच्या स्वरांचा खणखणाट कमी केला, पण एवढ्या लांब लाटेला तिचा अडसर होत नाही. शेवटी पेट्या भिंतीपासून दीड फूट पुढे घेतल्या आणि माझी बैठक मागच्या भिंतीपासून चार फुटांवर आणली. आईची खुर्ची मात्र भिंतीला टेकूनच आहे. तिला तिथे डग्गा भरदार लागतो, आणि ४७ कंपनांचा फुगवटा पाहता तो तिथे भरदारच असणार.