अपडेटनंतर लॅपटॉप सुरू होईना, म्हणजे फाइली गेल्या?

‘अपडेटनंतर लॅपटॉप अडकला की फॉरमॅटच मारावा लागतो, फोटो गेलेच समजा,’ असं वर्षानुवर्षे फिरतंय. भीती स्वाभाविक आहे, पण अपडेट बदलतं ते विंडोजच्या स्वतःच्या फाइली. तुमचे फोटो सहसा जागच्या जागी असतात.

पडताळून पाहा. पडद्यावर टक्केवारी सरकत असेल तर थांबा, तास लागला तरी. काहीच हलत नसेल तर पॉवर बटण दाबून धरून बंद करा. पुन्हा सुरू करताना लोगो दिसताच बंद करा. असं दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा पडदा येतो. तिथे ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’, म्हणजे आलेलं अपडेट काढून टाकायचा पर्याय असतो, जरा आत दडवलेला. बिटलॉकरने, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीने, 48 अंकी ‘रिकव्हरी की’ (कुलूप उघडायचा क्रमांक) मागितली, तर ती बहुतेकदा मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते, फोनवरूनही.