रात्रीचा एएम आणि कोरलेला बांध

१४ सप्टेंबर २००७ पासून अमेरिकेतल्या एएम (म्हणजे मिडियम वेव्ह) केंद्रांना सूर्यास्तानंतरही डिजिटल प्रक्षेपण चालू ठेवायची मुभा मिळाली. त्याआधीची पाच वर्षं ती फक्त दिवसापुरती होती. कागदावर हा बदल ओळभराचा. पण दिवा मालवून, रेडिओ कानाशी धरून दूरची केंद्रं हुडकणाऱ्यांना तो लगेच ऐकू आला. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ निसटते तसा एकसलग 'स्स्स'. गंमत अशी की ज्या केंद्रामुळे तो व्हायचा त्या केंद्रावर तो जवळजवळ जाणवायचाच नाही. न्यूयॉर्कचं ७१० किलोहर्ट्झवरचं केंद्र लावलं तर बोलणं स्वच्छ. त्याच गावात बसून सिनसिनाटीचं ७०० किंवा शिकागोचं ७२० लावलं की वाफ.

या घोळाचं मूळ नावातच आहे. पद्धतीचं तांत्रिक नाव 'इन-बँड ऑन-चॅनल', आद्याक्षरं जोडून 'आयबॉक'. म्हणजे पट्टा तोच, चॅनलही तेच. नवी जागा कुणाला द्यायची नाही, जुन्याच जागेत अॅनालॉग आणि डिजिटल दोन्ही नांदवायचे. दुकानात मात्र ही पद्धत 'एचडी रेडिओ' म्हणून आली. टीव्हीमुळे लोकांनी त्याचा अर्थ 'हाय डेफिनिशन' असा घेतला, आणि तो तसा घेतला जावा याला कुणाचा आक्षेपही नसावा. सुरुवातीला ही अक्षरं 'हायब्रिड डिजिटल'साठी वापरली जात. पुढे तंत्राच्या मालक कंपनीनंच सांगून टाकलं की अक्षरांना काही अर्थ नाही, ते नुसतं नाव आहे. एचडी म्हटलेल्या एएममध्ये आवाजासाठी सेकंदाला जास्तीत जास्त ३६ किलोबिट मिळतात. संकेत कमकुवत झाला की २०. फोनवरची साधी गाणीसुद्धा याहून ऐसपैस असतात.

पण खरी मेख 'ऑन-चॅनल' या शब्दात आहे. अमेरिकेत एएम केंद्रं १०-१० किलोहर्ट्झवर बसवलेली. ७००, ७१०, ७२० अशी. प्रत्येक केंद्राचा अॅनालॉग संकेत मधल्या वाहक लहरीच्या (केंद्राचा आकडा म्हणजे हीच लहर) दोन्ही बाजूंना १० किलोहर्ट्झपर्यंत पसरू शकतो, म्हणजे शेजाऱ्याच्या वाहकापर्यंत. ही सरमिसळ मुळातच होती, आणि ती निभत होती ती भूगोलावर. शेजारच्या चॅनलचं केंद्र शेजारच्या गावात द्यायचं नाही, दूरच्या शहरात द्यायचं. आयबॉकच्या संमिश्र पद्धतीत डिजिटलचा मुख्य भार वाहकापासून १० ते १५ किलोहर्ट्झ अंतरावर, दोन्ही अंगांना ठेवला गेला. हिशेब करा: ७१०चं डिजिटल ६९५ ते ७०० आणि ७२० ते ७२५. म्हणजे ७००च्या केंद्राची खालची बाजू आणि ७२०ची वरची बाजू त्यानं व्यापली. याला 'ऑन-चॅनल' म्हणायचं तर चॅनलची व्याख्याच बदलावी लागते.

ती बदललीच नाही, हा त्यातला कावा. नियमपुस्तकात आधीपासून एक मर्यादारेषा होती: वाहकापासून १०.२ ते २० किलोहर्ट्झ या भागात केंद्राचा सांडलेला संकेत वाहकापेक्षा किमान २५ डेसिबलनं कमी असावा. ही सूट होती अॅनालॉग यंत्रातून अधूनमधून उडणाऱ्या शिंतोड्यांसाठी. आयबॉकच्या रचनाकारांनी तिच्यात नेमकी बसेल अशी डिजिटल पट्टी आखली. प्रत्येक छोटी उपलहर वाहकाहून ३० डेसिबल खाली, म्हणजे शक्तीच्या हजाराव्या भागाची, अशा २५ उपलहरी एका बाजूला. नियम मोडला नाही. पण जिथे कधीमधी शिंतोडे उडत होते तिथे आता चोवीस तास नळ सोडलेला. ५० किलोवॅटच्या केंद्राच्या बाबतीत हा नळ प्रत्येक बाजूला सुमारे सव्वा किलोवॅटचा पडतो, आणि अमेरिकेत रात्री एक किलोवॅटवर अख्खं गाव सांभाळणारी केंद्रं शेकड्यांनी आहेत. बांधावरची फूटभर पड जमीन दोघांचीही नसते म्हणून ठेवलेली असते. दरवर्षी नांगर थोडा आत घालून ती कोरणारा शेतकरी सातबारा दाखवून 'मी कुठे काय केलं' म्हणतो, तसं हे.

विरोधकांनी मग याला 'इन-बँड अॅडजेसंट-चॅनल', म्हणजे शेजारच्या चॅनलवरचं, असं म्हणायला सुरुवात केली. ही थट्टा वाटते, पण ते नाव त्यांनी शोधलेलं नव्हतं. १९९०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत वेगवेगळ्या डिजिटल पद्धतींच्या प्रयोगशाळेत चाचण्या झाल्या तेव्हा एफएमसाठी या नावाची एक वेगळी पद्धत खरोखरच यादीत होती. म्हणजे 'चॅनलवर' आणि 'शेजारच्या चॅनलवर' हा फरक अभियंत्यांना ठाऊक होता. एएमच्या वेळी तो नावातून गळाला, एवढंच.

जुना इतिहास थोडक्यात उरकतो, कारण तो बहुतेकांना माहीत आहे. ११ नोव्हेंबर १९२८ रोजी अमेरिकेनं सगळा पट्टा नव्यानं वाटला आणि ४० चॅनल 'मोकळे' ठेवले: रात्री देशभरात त्यावर एकच केंद्र. शेतावरच्या घरात ना वीज ना वर्तमानपत्र, तिथे रात्री शेकडो मैलांवरून हवामान आणि बाजारभाव पोचावेत हा हेतू. आजच्या वादाशी जुळणारी एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. १९३४ मध्ये सिनसिनाटीच्या याच ७०० वरून ५०० किलोवॅटचं प्रक्षेपण सुरू झालं, नेहमीच्या मर्यादेच्या दसपट. कॅनडातल्या टोरंटोच्या ६९० वरच्या केंद्रानं तक्रार केली की रात्री आमच्याच श्रोत्यांना आमचं केंद्र लागत नाही. लगेच रात्रीची शक्ती ५० किलोवॅटवर आणावी लागली, आणि टोरंटोच्या दिशेनं संकेत दाबणारे मनोरे उभारल्यावरच ती पुन्हा वाढवता आली. १९३९ मध्ये हा प्रयोग संपला. तेव्हा शेजाऱ्याची रात्रीची तक्रार ऐकली गेली होती, याची नोंद करून पुढे जातो.

मधल्या काळात 'मोकळे' चॅनल तितके मोकळे राहिले नाहीत. १९८० मध्ये त्यांचं रात्रीचं संरक्षण ७५० मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे १,२०० किलोमीटरपर्यंत आखडलं आणि पलीकडे नव्या केंद्रांना जागा झाली. त्याच वर्षी एएम स्टीरिओसाठी एक पद्धत निवडली गेली, टीका झाल्यावर मागे घेतली गेली, १९८२ मध्ये 'बाजारानं ठरवावं' असं म्हणून हात झटकले गेले, आणि मानक ठरलं ते १९९३ मध्ये. तोवर ऐकणारे एफएमवर गेले होते. या फजितीची आठवण ताजी असल्यानं डिजिटलच्या वेळी एकच पद्धत ठरवायची, असा सूर होता. युरोपनं डिजिटलला वेगळा पट्टा दिला. अमेरिकेत त्यासाठी सुचवलेल्या पट्ट्यात लष्कराचं काम चालत होतं; शिवाय नवा पट्टा म्हणजे नवे परवाने आणि नवे स्पर्धक, जे जुन्या केंद्रमालकांना नको होतं. जुन्याच जागेत डिजिटल बसवणं हा त्यांच्या सोयीचा तोडगा. २००० मध्ये दोन स्पर्धक कंपन्या एक झाल्या, आणि ऑक्टोबर २००२ मध्ये त्यांच्या पद्धतीला मान्यता मिळाली. एएमवर मात्र फक्त दिवसा. रात्रीच्या आकाशलहरींचं, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून दूरवर पोचणाऱ्या लहरींचं, काय होईल हे पुरेसं तपासलेलं नव्हतं, हे तेव्हा उघड मान्य केलं गेलं.

मग २००७ मध्ये काय बदललं? केंद्रमालकांचा मुद्दा घड्याळाचा होता. उत्तरेकडच्या शहरांत डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो. लोक कामावरून गाडीनं घरी निघतात, म्हणजे जाहिरातीची सर्वांत महागडी वेळ, आणि नेमकं तेव्हाच डिजिटल बंद करायचं. अशा अर्ध्या यंत्रावर पैसे कोण घालेल? मुद्दा रास्त होता, हे कबूल करायला हवं. तेवढ्यासाठी संध्याकाळचे दोन तास देता आले असते, असं मला राहून राहून वाटतं. मार्चमधला निर्णय मात्र सरसकट झाला: ज्या केंद्राला रात्री प्रक्षेपणाचा परवाना आहे त्यानं डिजिटल चालू करावं, वेगळा अर्ज नको, तक्रार आली तर प्रकरणागणिक पाहू.

आणि तक्रार कुणाची? इथे दुसरा शब्द येतो: 'संरक्षित क्षेत्र'. बहुतेक केंद्रांचं रात्रीचं संरक्षित क्षेत्र म्हणजे जमिनीलगतच्या लहरी पोचतात तेवढं शहर आणि आसपास. त्यापलीकडे जे ऐकू येतं ते कायद्याच्या दृष्टीनं योगायोग. आकाशलहरींना थोडंफार संरक्षण होतं ते मोठ्या, जुन्या मोकळ्या चॅनलवाल्यांनाच. म्हणजे ट्रक चालवताना रात्रभर एकच दूरचं केंद्र लावून ठेवणारा, खेड्यात सामना ऐकणारा, आणि आमच्यासारखा हौशी डीएक्सर (दूरची केंद्रं हुडकणारा), हे तिघंही हिशेबात श्रोते नव्हतेच. या निर्णयाची बाजू घेणारे म्हणतात, दूर ऐकणारे मूठभर. असतील. पण मूठभर होते की ते कधी मोजलेच गेले नाहीत, हा प्रश्न शिल्लक राहतो.

त्यातही दुखरी गोष्ट म्हणजे या बदल्यात दूरच्या माणसाला काहीच मिळालं नाही. रात्री आकाशलहरींचा जोर क्षणाक्षणाला बदलतो, पट्ट्यातला एखादा तुकडाच गळून जातो. अॅनालॉग आवाज तेव्हा पिचतो, बुडतो, वर येतो. कान सांभाळून घेतो. डिजिटल सांभाळत नाही, ते तुटतं. म्हणजे शेजाऱ्याचं डिजिटल जिथे उलगडता येत नाही तिथेच त्याचा खडखडाट पोचतो. शहरातही साध्या रेडिओवाल्याचं नुकसान झालं, कारण डिजिटलला जागा करून देताना अॅनालॉगचा आवाज बऱ्याच केंद्रांनी ५ किलोहर्ट्झवर छाटला. निवेदक चादरीआडून बोलतोय असं वाटायला लागलं. आणि ज्यांनी नवा सेट घेतला होता त्यांचा रेडिओ पुलाखाली किंवा विजेच्या तारांजवळ डिजिटल सुटलं की त्या चादरीत शिरे, मग परत बाहेर येई.

तक्रारी फक्त हौशी लोकांच्या होत्या असं नंतर सांगितलं गेलं. तसं नव्हतं. बोस्टनच्या १०३० च्या डिजिटलमुळे पाचशेहून अधिक किलोमीटरवरच्या, रॉचेस्टरजवळच्या १०४० वरच्या छोट्या केंद्रानं स्वतःच्या मुलखात त्रास होतोय म्हणून आवाज उठवला. एका बड्या केंद्रसमूहानं तर मुभा मिळाल्यावर काही आठवड्यांतच आपल्या एएम केंद्रांवरचं रात्रीचं डिजिटल बंद करवलं. पुढच्या दशकात इतरही गळत गेले, काही रात्रीपुरते, काही कायमचे. मी पुण्यात बसून इंटरनेटवर खुले असलेले तिकडचे रिसीव्हर चालवून पाहतो. पडद्यावर एएम पट्टा उघडला की डिजिटल चालवणारं केंद्र ओळखायला कान लागत नाहीत. मधे वाहकाची रेघ, आणि दोन्ही अंगांना सपाट माथ्याच्या दोन भिंती. आता अशा भिंती शोधाव्या लागतात.

नंतरचा टप्पा संपूर्ण डिजिटलचा. जुलै २०१८ मध्ये मेरीलँडमधल्या फ्रेडरिक गावच्या ८२० वरच्या केंद्रानं प्रायोगिक परवानगीनं अॅनालॉग बंदच केलं. त्याचा कार्यक्रम एफएमवरही मिळत असल्यानं श्रोता अगदी वाऱ्यावर सुटला नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये हवं त्या एएम केंद्राला तसं करायची मोकळीक मिळाली, रात्रंदिवस. यात संकेत वाहकाच्या दोन्ही बाजूंना १० किलोहर्ट्झच्या आत राहतो, म्हणजे शेजाऱ्याच्या दृष्टीनं संमिश्र पद्धतीपेक्षा हा बरा. नुकसान आता त्याच चॅनलवर होतं: रात्री एका चॅनलवर दहा-वीस दूरची केंद्रं एकमेकांत मिसळून ऐकू येतात, त्यातलं एक डिजिटल झालं की साध्या सेटवर ते नुसता गोंगाट बनून बाकीच्यांखाली पसरतं. या मोकळीकीचा फायदा घेणारे अजून अगदी थोडे. दरम्यान वाद गाडीतल्या रेडिओवर सरकलाय. विजेवरच्या गाड्यांच्या मोटारी एएममध्ये इतकी खरखर करतात की काही कंपन्यांनी एएमच काढून टाकला; २०२३ मध्ये एका मोठ्या कंपनीनं बहुतेक नव्या गाड्यांतून तो काढायचं जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर थोड्याच दिवसांत शब्द फिरवला.

युरोपात परिणाम उलटाच झाला. डिजिटल वेगळ्या पट्ट्यात गेलं आणि जुनी मिडियम वेव्ह केंद्रं खर्च परवडत नाही म्हणून बंद पडली. जर्मनीच्या राष्ट्रीय केंद्राची मिडियम वेव्ह २०१५ च्या ३१ डिसेंबरला थांबली. तिथला पट्टा आता रात्री इतका शांत आहे की पूर्वी कधी न सापडलेली किरकोळ शक्तीची केंद्रं लागतात. डिजिटलनं रात्र बिघडवली म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं. आणि हेही, की आज घरातली निम्मी खरखर एलईडी दिव्यांची आणि फोनच्या चार्जरची असते. मी रेडिओ लावताना आधी चार्जर उपटतो.

आपल्याकडे तिसराच मार्ग निवडला गेला: डीआरएम, म्हणजे 'डिजिटल रेडिओ माँडियाल' ही वेगळी डिजिटल पद्धत. गेल्या दशकात आकाशवाणीच्या तीसहून अधिक मिडियम वेव्ह प्रक्षेपकांवर ते आलं. इथे 'चॅनलवर' असा दावाच केला नाही. बऱ्याच ठिकाणी अॅनालॉग आपल्या जागी, आणि डिजिटल त्याच्या १० किलोहर्ट्झ वर, उघडपणे शेजारच्या शेतात. भांडण झालं नाही, कारण देशात मिडियम वेव्हवर खासगी केंद्रं नाहीत. दोन्ही शेतं एकाच मालकाची. साध्या सेटवर मूळ केंद्राच्या किंचित वर सुई नेली की तो सपाट खडखडाट लागतो. फक्त एवढंच की या भागातली केंद्रं १९७५ च्या जिनिव्हा करारानुसार ९-९ किलोहर्ट्झवर बसवलेली आहेत. त्यामुळे हे डिजिटल शेजारच्या चॅनलच्या मधोमधही पडत नाही, एक किलोहर्ट्झ सरकून पडतं, आणि अंधार पडला की सीमेपलीकडच्या केंद्रांवरही तिथेच जाऊन पडतं.