मद्य-स्थानसाहचर्य, उंदरांतील

एखादी जागा आणि मद्याचा परिणाम यांची प्राण्याच्या मनात बसणारी सांगड, तसेच ती मोजण्याची प्रयोगपद्धती. येथील मद्य म्हणजे एथिल अल्कोहॉल; कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांत मळीपासून गाळतात तेच. उंदीर मात्र साताऱ्याकडे उसाच्या फडात किंवा कणगीखाली सापडणारा नव्हे, तर ‘रॅटस नॉर्व्हेजिकस’ जातीचा, प्रयोगशाळेत वाढवलेला. मराठीत ‘रॅट’ आणि ‘माउस’ दोन्ही उंदीरच, आणि या विषयात तो घोटाळा महागात पडतो : माउसचे काही वाण मद्याशी जोडलेल्या कप्प्यात आवडीने रमतात, प्रौढ रॅट बहुधा तो टाळतात.

पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. पुष्कळदा रॉसी व रीड यांच्या मॉर्फीनवरील प्रयोगांचा (१९७६) दाखला देतात. तथापि बीच यांनी १९५७ मध्येच वाय-आकाराच्या मार्गिकेत मॉर्फीन वापरले होते, आणि त्याच वर्षी गार्सिया व सहकाऱ्यांनी किरणोत्साराशी जोडलेली जागा उंदीर टाळतात हे दाखवले. बीच यांना अग्रमान देणे अधिक सयुक्तिक वाटते.

पेटीतील एका कप्प्याची जमीन जाळीची, दुसऱ्याची सळ्यांची असते. मद्य टोचून उंदराला एकात ठेवतात, सलाइन टोचून दुसऱ्यात. अशा काही फेऱ्यांनंतर काहीही न टोचता मधले दार उघडतात व तो कोठे किती सेकंद थांबतो ते मोजतात. मुळात नावडत्या कप्प्यालाच मद्य जोडले असेल, तर तेथे वाढलेला वेळ गोडीचा की केवळ भीती ओसरल्याचा, हे ठरवता येत नाही. त्यामुळे मद्य कोणत्या कप्प्याला जोडायचे ते आलटूनपालटून ठरवलेले प्रयोग अधिक विश्वसनीय मानावेत.

रॅटचे कुमारवय जन्मानंतर सुमारे २८ ते ४२ दिवस धरतात. काही अभ्यासक ते ६० दिवसांपर्यंत ताणतात. या वयात मद्याने येणारी गुंगी, तोल जाणे व नशा उतरल्यावरचा त्रास प्रौढांपेक्षा कमी जाणवतो. मद्याशी जोडलेल्या चवीचा तिटकारा निर्माण व्हायलाही जास्त मात्रा लागते. अल्प मात्रेत सोबत्यांशी खेळणे उलट वाढते. कुमारांना मद्य अधिक सुखद वाटते, हे एक मत. त्यांना ते कमी त्रासदायक वाटते, हे दुसरे. स्थानपसंतीचे निष्कर्ष मात्रा, वाण व टोचण्याच्या वेळेनुसार बदलत असल्याने दुसरे मत तूर्त अधिक ग्राह्य दिसते. पूर्वीचे बरेच प्रयोग नरांपुरतेच होते.