पार्श्वभूमी : ठाण्याला नेण्याचं भाडं

‘याला ठाण्याला पाठवा’ म्हणजे मनोरुग्णालयात पाठवा, हे मुंबईत कोणाला सांगावं लागत नाही. पुण्यात तेच काम येरवडा करतं. चेष्टेतल्या या वाक्यात ‘पाठवा’ हे क्रियापद मात्र सगळ्यांच्या नजरेतून सुटतं. पाठवायचं कोणी, कुठल्या गाडीतून, आणि डिझेल कोणाचं? गेली शंभरेक वर्षं कायदा या प्रश्नाभोवती घुटमळतोय. रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्णाला इस्पितळात नेण्याचा आणि बरा झाल्यावर घरी पोचवण्याचा खर्च कोणी करायचा, हा सध्याचा वाद. तो समजायचा तर कायद्यातला एक शब्दप्रयोग नीट पाहावा लागतो.

फार मागे जायची गरज नाही. 1858 च्या कायद्याने रस्त्यावर भटकणाऱ्या ‘वेड्याला’ धरून मॅजिस्ट्रेटपुढे उभं करण्याचं काम पोलिसांवर टाकलं. आजही पहिला फोन पोलिसांनाच जातो, त्याचं मूळ तिथे. मुंबईची व्यवस्था तेव्हा कुलाब्याला होती. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 चं, एका शेठजींच्या देणगीतून उभं राहिलेलं. आज त्याची मंजूर क्षमता 1850 खाटांची आहे. राज्यात अशी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. नवी मुंबईतल्या माणसाच्या वाट्याला यातलं ठाणेच येतं.

आता तो शब्दप्रयोग: ‘देखभालीचा खर्च’.

1912 च्या कायद्याने या खर्चाची व्याख्याच करून ठेवली होती. रुग्णाचं राहणं, खाणंपिणं, कपडे, औषध, शुश्रूषा, आणि त्याला इस्पितळात नेण्यासाठी व तिथून परत नेण्यासाठी झालेला खर्च. जाणं आणि येणं, दोन्ही. कायदा साहेबाचा होता, भाषा हिडीस होती, माणसाला त्यात ‘ल्युनॅटिक’ म्हटलं होतं. पण गाडीभाडं रुग्णाच्या देखभालीतच मोडतं, हे त्यात साफ लिहिलेलं होतं. रुग्णाची मालमत्ता असेल किंवा त्याला पोसायला कायद्याने बांधलेला कोणी असेल, तर दिवाणी न्यायालयात जाऊन हा खर्च वसूल करता येई. रस्त्यावर सापडलेल्या माणसाकडून वसूल काय करणार? ते बिल सरकारच्याच गळ्यात पडे.

1987 चा कायदा 1 एप्रिल 1993 पासून लागू झाला. भाषा सुधारली, ‘वेडा’ जाऊन ‘मानसिक रुग्ण’ आला. ‘देखभालीचा खर्च’ हा शब्दप्रयोग राहिला, पण व्याख्या पोकळ झाली. राज्य सरकार आदेश काढून ज्या बाबी ठरवील, त्यांचा खर्च म्हणजे देखभालीचा खर्च. नेण्या-आणण्याचा उल्लेख कायद्याच्या मजकुरातून गेला आणि राज्याच्या मर्जीवर आला. माझ्या मते सगळी गुंतागुंत या एका ओळीपासून सुरू होते. सुधारणेच्या उत्साहात तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नसावं.

त्याच कायद्यात दुसरी मेख होती. खर्चाची हमी कोणी घेतलेली नसेल, तर ज्या राज्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याने दाखल करण्याचा आदेश दिला, त्या राज्याने तो सोसायचा. कल्याण स्टेशनाचा विचार करा. उत्तरेकडून येणारी गाडी तिथे थांबते, एखादा माणूस उतरतो, फलाटावर चार दिवस बसून राहतो. त्याचं गाव बिहारमध्ये की बंगालमध्ये, त्याला सांगता येत नाही. सही इथल्या मॅजिस्ट्रेटची, म्हणजे खर्च महाराष्ट्राचा. हिशेबाला सोपं आणि माणुसकीलाही धरून. पण ही सोय इस्पितळातल्या मुक्कामाची. फलाटापासून इस्पितळाच्या फाटकापर्यंतचं काय, आणि बरा झाल्यावर फाटकापासून गावापर्यंतचं काय, हे पुन्हा ‘आदेशाने ठरवील त्या बाबी’वरच राहिलं.

आरोग्य खात्याची बाजू अशी की आमचा रुग्ण फाटकाच्या आत आल्यावर सुरू होतो. पोलिसांची बाजू अशी की आमचं काम सुरक्षित पोचवायचं, पण मंजूर इंधन गस्तीसाठी आणि बंदोबस्तासाठी आहे. महापालिका म्हणते, पोलीस केस आहे. कागदावर तिघंही खोटं बोलत नाहीत.

29 मे 2018 पासून लागू झालेल्या 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बरंच काही चांगलं केलं. कलम 100 प्रमाणे पोलिसांनी अशा माणसाला ‘संरक्षणात’ घ्यायचं, चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, आणि कोठडीत किंवा तुरुंगात कोणत्याही परिस्थितीत ठेवायचं नाही. शारीरिक आजाराच्या रुग्णाला जशी अँब्युलन्स मिळते तशीच, त्याच दर्जाची, मानसिक रुग्णाला मिळण्याचा हक्क कलम 21 देतं. निराधार आणि बेघर माणसाला सरकारी संस्थेत उपचार फुकट. फक्त ‘देखभालीचा खर्च’ हा शब्दप्रयोग नव्या कायद्याच्या व्याख्यांतून गेला. हक्क आले आणि बिलाचं नाव गेलं.

‘ताब्यात’ आणि ‘संरक्षणात’ यांतला फरक वाचायला गोड वाटतो. पोलीस ठाण्यातल्या अंमलदाराच्या टेबलावर तो असा दिसतो. नवी मुंबईतल्या एका पोलीस ठाण्यात मी रात्री बसलो होतो, काम दुसरंच होतं. बाहेरच्या बाकावर चाळिशीतला एक माणूस, अंगात दोन शर्ट एकावर एक, मांडीवर रिकाम्या बाटल्यांची गोणी घट्ट धरलेली. डायरीत नोंद झाली: ‘एक वेडसर इसम मिळून आला, ताब्यात घेतला.’ कायदा बदलला तरी पेनाची सवय बदललेली नव्हती. कोठडीतल्या आरोपीच्या जेवणाचं बिल निघतं. हा आरोपी नव्हता, कोठडीत घालायची मनाई, म्हणून त्याचं जेवण कोणत्याच बिलात बसत नव्हतं. वडापाव हवालदाराने स्वतःच्या खिशातून आणला. दोन आणले, एक त्याने गोणीत ठेवून दिला.

मग गाडीची शोधाशोध. एक गाडी गस्तीवर, दुसरी बंदोबस्ताला. 108 च्या अँब्युलन्सला फोन केला तर ते जवळच्या सरकारी दवाखान्यापर्यंत नेणार. तिथून ऐरोलीचा पूल ओलांडून ठाण्याला कोण नेणार, हा प्रश्न पुन्हा पहिल्या टेबलावर. सोबत दोन अंमलदार हवेत, बाई असेल तर महिला अंमलदार हवी, म्हणजे तेवढी माणसं रात्रपाळीतून कमी. हा सगळा सार्वजनिक खर्चच आहे, पण तो कोणत्याही एका लेखाशीर्षाखाली, म्हणजे सरकारी हिशेबातल्या खात्यात, दिसत नाही. दिसत नाही म्हणून वाढवूनही मागता येत नाही. पनवेल-कळंबोलीकडच्या पोलीस ठाण्यांना तर अंतर दुप्पट. पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं आणि महसुली जिल्हा रायगड, ही तिथली जादा अडचण.

अलीकडची सगळी चर्चा मात्र परतीच्या प्रवासावर आली आहे. निव्वळ घरचे नाहीत किंवा जागा नाही म्हणून कोणाला इस्पितळात ठेवता येणार नाही, असं कलम 19 सांगतं, आणि बरे झालेल्यांसाठी अर्धवाट घरं (इस्पितळ आणि घर यांच्या मधली राहण्याची सोय) उभारण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं. महाराष्ट्राने अशा काहींना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवायला सुरुवात केली, तेव्हा 2021 च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्यावर नाराजी दाखवली. योग्यच केलं. पण तिथवर गोष्ट का गेली, याचं एक कारण साधं आहे: भिक्षेकरी गृह गाडीच्या पल्ल्यात असतं, बिहारमधलं दरभंगा नसतं. दरभंग्याला नेण्यासाठी दोन माणसं, जायला दीड दिवस, यायला दीड दिवस, आरक्षण, वाटेतलं जेवण, आणि तिथे गेल्यावर घर सापडेलच याची खात्री नाही. हे काम कर्जतजवळची एक स्वयंसेवी संस्था वर्षानुवर्षं देणग्यांवर करते. तिच्या संस्थापकांना 2018 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सत्कार झाले, भाषणं झाली. 1912 च्या व्याख्येतलं ‘परत नेण्यासाठी’ सरकारी हिशेबात परत आणण्याची मागणी त्या भाषणांत मी तरी ऐकली नाही.

भाड्याचा प्रश्न असा लटकलेला असताना, ठाणे आणि मुलुंडच्या मधलं नवं रेल्वे स्टेशन ठाण्याच्या याच मनोरुग्णालयाच्या जमिनीवर व्हायचं आहे. त्यावरची उच्च न्यायालयाची स्थगिती 2023 मध्ये उठली, आणि जमीन कोणाची, मोबदला किती, बांधकामाचा पैसा कोण देणार, यावर खात्याखात्यांत भरपूर पत्रव्यवहार झाला आहे.