दात पाडलेला नाग

“दात पाडले आहेत याचे, बिनधास्त हात लावा.” नागपंचमीला टोपली घेऊन दारात आलेल्या गारुड्याचं हे बोलणं आमच्या गावात आजही खरं मानतात, आणि लेकराचा हात धरून नागाच्या फण्याला लावतात. म्हणून हे लिहायला बसलो.

आपला दात जबड्याच्या खोबणीत बसतो, मध्ये बारीक तंतूंची गादी असते. ताडोबाच्या तळ्यातल्या मगरीचंही तसंच, फक्त तिचे दात पडून पुन्हा पुन्हा नवे येतात. पऱ्हाटीच्या धुऱ्यावरच्या सरड्याचे बहुतेक दात मात्र थेट जबड्याच्या काठावर जुळलेले असतात, भिंतीच्या माथ्यावर सिमेंटात काचा रोवाव्यात तसे. ते झिजतात, बदलत नाहीत. घोरपडीचे दात जबड्याला आतल्या अंगानं चिकटलेले असतात आणि बदलतात.

नागाची रचना मला सगळ्यांत आवडते. वरच्या जबड्याच्या हाडावर, डावीकडे आणि उजवीकडे, विषदंतासाठी शेजारी शेजारी दोन-दोन जागा असतात. एका जागेवर चालू दात हाडाशी एकजीव झालेला, दुसरी मोकळी. मागे हिरडीत लहानमोठे दात रांगेनं वाढत असतात. त्यातला पुढचा तयार झाला की मोकळ्या जागेवर येतो, त्याच्या बुडाशी नवं हाड धरतं. मग जुन्या दाताच्या बुडाचा सांधा पेशी पोखरतात आणि तो सुटून पडतो. पुढच्या खेपेला जागांची अदलाबदल. मधल्या काळात एकाच बाजूला दोन विषदंतही दिसतात.

मग विषाची नळी प्रत्येक वेळी नव्या दाताला जोडायची कशी? जोडलेलीच नसते. ती दाताच्या बुडाला वेढणाऱ्या हिरडीच्या घडीत उघडते. ग्रंथी दाबली गेली की विष त्या घडीत येतं आणि जागेवर असेल त्या दाताच्या छिद्रात शिरतं.

आता पकडीनं एक दात उपटला तर काय झालं? रांग आत आहे, डोळ्यामागची विषग्रंथीही शाबूत आहे. काही आठवड्यांत नाग पुन्हा विषारी दंश करू शकतो, कदाचित त्याआधीही. जखमी तोंडात पू होऊन तो मरतो ते वेगळंच. नाग पाळणं, खेळवणं 1972च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. दूध हा त्याचा आहारच नाही, तहानलेला ठेवला म्हणून तो ते पितो.

असा नाग चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, लगेच दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवर चालणारं प्रतिविष मिळतं. नागाच्या विषानं आधी पापण्या जड होतात, मग श्वासाचे स्नायू थकतात.